मंद वाढणारा लिंफोमा आणि औषधांची जोडी: चाचणीत काय तपासतात, सोलापुरात काय सांभाळावं लागतं

कंबरतलाव

फॉलिक्युलर लिंफोमावर (लसीकाग्रंथींचा मंद वाढणारा कर्करोग) दोन-तीन औषधं एकत्र देण्याच्या चाचण्यांची चर्चा इथे बऱ्याच धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी झाली आहे. ती एका जागी आणावी म्हणून हा धागा. गोळ्या-इंजेक्शनांची नावं सगळ्यांना माहीत असतात. दुसरं औषध जोडल्यावर नक्की काय साधलं, हे कसं ठरवतात ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. हा आजार बहुतेकांत वर्षानुवर्षं रेंगाळतो. गाठ आहे म्हणून लगेच औषध, असं इथे नसतं. उपचार कधी सुरू करायचे यासाठी चाचण्यांमध्ये सहसा जीईएलएफ या फ्रेंच अभ्यासगटाचे निकष लावतात. ७ सेंमीपेक्षा मोठी एखादी गाठ, किंवा तीन वेगवेगळ्या जागी ३ सेंमीपेक्षा मोठ्या गाठी, ताप-रात्रीचा घाम-वजन घटणं, त्रास देणारी वाढलेली प्लीहा, छातीत किंवा पोटात पाणी, प्लेटलेट १ लाखाखाली, असे ते निकष आहेत. यातलं काहीच नसेल तर तीन-तीन महिन्यांनी तपासत थांबणं हाही उपचारच आहे. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत लक्षणं नसलेल्यांना लगेच क्लोरँब्युसिल ही केमोची गोळी देऊन आणि थांबून, दोन्ही गटांत आयुष्यमान सारखंच राहिलं.

त्यामुळे नवी जोडी आली की माझा पहिला प्रश्न असतो तो हा, की चाचणीतल्या रुग्णांना मुळात उपचारांची गरज होती का. थांबता आलं असतं अशांना भरती केलं, तर कुठलीही जोडी चांगलीच दिसणार.

जाणकारांनी भर घालावी. स्वतःच्या रिपोर्टचे फोटो टाकू नयेत, कुणाचा डोस इथे ठरवला जाणार नाही.

---

काचपट्टी

त्याच्याही आधीचा प्रश्न, निदान बरोबर आहे का? आपल्या भागात मानेतली गाठ म्हटली की पहिला विचार टीबीचा होतो, आणि तो चूक नाही. चूक होते ती बारीक सुईने पेशी काढून तपासण्यावर, म्हणजे एफएनएसीवर, थांबण्यात. एफएनएसीमध्ये पेशी दिसतात, गाठीची रचना दिसत नाही. फॉलिक्युलर लिंफोमा ओळखायचा तो रचनेवरून, त्याची ग्रेडही (आजाराची आक्रमकता दाखवणारी श्रेणी) रचना पाहिल्याशिवाय देता येत नाही. अख्खी गाठ काढणं उत्तम, ते जमत नसेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी, तीही दोन-तीन तुकड्यांची. टीबीचा पुरावा न मिळता टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत गाठ उतरली नाही, तर गोळ्या लांबवत बसू नका, बायोप्सी करा. आणि गाठ थोडी उतरली म्हणजे टीबीच होता असंही नाही. या लिंफोमाच्या गाठी काही रुग्णांत आपोआप लहान-मोठ्या होत राहतात.

काढलेली गाठ १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या किमान दहापट द्रवात ठेवावी. मोठी असेल तर मधोमध कापून टाकावी, नाहीतर आतपर्यंत फॉर्मॅलिन पोचत नाही आणि मधला भाग सडतो. अशा ब्लॉकवर मग सीडी२०, सीडी१०, बीसीएल२, बीसीएल६ या ओळखखुणांचे रंग फिके किंवा ठिगळ-ठिगळ येतात आणि पुन्हा बायोप्सीची वेळ येते. टीबीचीही शंका असेल तर फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीच एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा काढून कल्चर आणि सीबीनॅटला (टीबीच्या जनुकीय तपासणीला) पाठवावा. एकदा फॉर्मॅलिन लागलं की कल्चर गेलं.

ग्रेड ३बी असेल तर तो मंद आजार धरत नाहीत, वेगाने वाढणाऱ्या लिंफोमासारखे उपचार करतात. म्हणून चाचण्यांमध्ये बहुधा १, २ आणि ३ए एवढेच घेतात. रक्तातलं एलडीएच एकदम चढलं, एकच गाठ भराभर वाढली किंवा पेट स्कॅनमध्ये एकच जागा इतरांपेक्षा खूप पेटली, तर त्याच जागेची बायोप्सी करा. सोपी पडते म्हणून काखेतली नको. वेगाने वाढणाऱ्या लिंफोमात रूपांतर झालं असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

---

हुतात्माबाग

काचपट्टी ताईंच्या मुद्द्यांवर चाचणीच्या बाजूने लिहितो.

मंद आजारात सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. आयुष्य वाढलं का, हे पाहायला १०-१५ वर्षं लागतात, आणि मधल्या काळात रुग्ण दुसरी-तिसरी औषधं घेतो. म्हणून आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ, म्हणजे पीएफएस मोजतात. पण पीएफएस वाढला म्हणजे आयुष्य वाढलंच असं नाही. प्रायमा चाचणी पाहा. केमोनंतर दोन वर्षं दर ८ आठवड्यांनी रिटुक्सिमॅब (लिंफोमाच्या पेशींवरच्या सीडी२० ला चिकटणारं अँटिबॉडी औषध) दिलं, त्या गटात पीएफएसचा मध्यांक १०.५ वर्षं आला, न दिलेल्या गटात ४.१ वर्षं. फरक प्रचंड. आणि १० वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण? दोन्हीकडे जवळपास ८० टक्के. देखभाल-डोस नकोत असं मी म्हणत नाही. जवळपास साडेसहा वर्षं केमोविना जाणं मोलाचं आहेच. रुग्णाला सांगताना मात्र ‘आजार लांबतो’ असं सांगावं, ‘आयुष्य लांबतं’ असं नको.

दुसरी गोष्ट, तुलना कशाशी केली. अ+ब देऊन ८० टक्के गाठी उतरल्या, एवढ्यावरून अ ने किती काम केलं ते कळत नाही. ब एकट्यानेही ७० टक्के उतरल्या असत्या. म्हणून एका गटाला अ+ब आणि दुसऱ्याला ब+नकली गोळी हवी. ऑगमेंट चाचणी तशी होती. ३५८ रुग्ण, एका बाजूला रिटुक्सिमॅब+लेनालिडोमाइड, दुसऱ्या बाजूला रिटुक्सिमॅब+प्लासिबो. पीएफएसचा मध्यांक ३९.४ महिने विरुद्ध १४.१. इथे लेनालिडोमाइड या गोळीचा वाटा स्पष्ट दिसतो. पुढे इनमाइंडमध्ये त्याच जोडीवर तिसरं टाफासिटामॅब हे अँटिबॉडी औषध चढवलं आणि दुसऱ्या गटाला जोडी+प्लासिबो दिला. २२.४ विरुद्ध १३.९ महिने.

आता कुणीतरी म्हणेल की ऑगमेंटमध्ये हीच जोडी ३९ महिने चालली आणि इनमाइंडमध्ये १४ वर आली कशी? दोन वेगवेगळ्या चाचण्यांतले आकडे असे शेजारी मांडून तुलना करता येत नाही. रुग्ण वेगळे, आधी घेतलेली औषधं वेगळी, काळ वेगळा. ऑगमेंटमध्ये रिटुक्सिमॅबला दाद न देणारे रुग्ण घेतलेच नव्हते. प्रत्येक चाचणीतला फरक त्याच चाचणीपुरता वाचायचा.

---

भवानीपेठ

मग पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याला काय? बीआर (बेंडामस्टीन ही केमो आणि रिटुक्सिमॅब) की गोळ्यांची जोडी (लेनालिडोमाइड-रिटुक्सिमॅब)? पुण्या-मुंबईचे डॉक्टर वेगवेगळं सांगतात म्हणून विचारतोय.

---

कंबरतलाव

दोघांचंही बरोबर असू शकतं, दादा. रेलेव्हन्स चाचणीत १,०३० नव्या रुग्णांना एकतर लेनालिडोमाइड-रिटुक्सिमॅब दिलं, नाहीतर केमो-रिटुक्सिमॅब. १२० आठवड्यांनी पूर्ण उतार ४८ टक्के विरुद्ध ५३ टक्के, तीन वर्षं आजार न वाढलेले ७७ टक्के विरुद्ध ७८ टक्के. आता बारकावा बघा. ही चाचणी गोळ्यांची जोडी सरस आहे हे दाखवायला आखली होती. ते दिसलं नाही. ‘दोन्ही सारखेच’ हे सिद्ध करायला आखणी वेगळी लागते. आकडे जवळजवळ आहेत म्हणून निवड करताना त्रासांचा विचार होतो, इतकंच.

त्रास वेगळे आहेत. केमोच्या बाजूला पांढऱ्या पेशी जास्त घसरतात, तापाने ॲडमिट व्हावं लागतं. गोळ्यांच्या बाजूला अंगावर पुरळ, जुलाब, रक्ताच्या गुठळ्या. आणि गर्भधारणेच्या बाबतीत लेनालिडोमाइड अत्यंत घातक आहे. घरात तरुण सून-मुलगी असेल तर तिने कॅप्सूल उघडू नये, फुटलेली हाताळू नये. पुरुष रुग्णानेही कंडोम वापरायचा असतो, हे संकोचापोटी सांगायचं राहतं. राहू देऊ नका.

---

सातरस्ता

बीआरबद्दल मी लिहितो, मी त्याच बाजूचा आहे. जर्मनीतल्या स्टिल चाचणीत बेंडामस्टीन-रिटुक्सिमॅब विरुद्ध आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि चार औषधांची जुनी केमो) ठेवलं होतं. ‘कमी पडत नाही’ एवढंच दाखवायला आखलेली चाचणी, निकाल मात्र सरस निघाला. पीएफएसचा मध्यांक ६९.५ महिने विरुद्ध ३१.२. केस गेले नाहीत, संसर्ग ३७ टक्के विरुद्ध ५० टक्के. सोलापुरातल्या बहुतेक रुग्णांसाठी मला बीआरच व्यवहार्य वाटतं. सहा सायकल, दर २८ दिवसांनी लागोपाठ दोन दिवस. मंगळवेढा-अक्कलकोटहून येणाऱ्याने एक रात्र मुक्काम केला की झालं.

---

हुतात्माबाग

सातरस्ता, आकडे बरोबर आहेत, पण त्याला जोडून गॅलियम वाचावी लागते. १,२०२ रुग्ण, केमोबरोबर रिटुक्सिमॅब विरुद्ध त्याच वर्गातलं नवं ओबिनुटुझुमॅब. तीन वर्षं आजार न वाढलेले ७३.३ विरुद्ध ८० टक्के. त्यात केमो कुठली द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, प्रत्येक केंद्राने आपली निवडली होती. म्हणून केमो-केमोची तुलना तिथे पक्की नाही. तरी बेंडामस्टीन घेतलेल्यांत देखभालीच्या काळातही गंभीर संसर्ग आणि त्यातून मृत्यू जास्त दिसले, आणि ते नजरेआड करता येत नाही. स्टिलमध्ये देखभाल-डोस नव्हते. आपण इथे बीआर नंतर दोन वर्षं रिटुक्सिमॅब देतो, म्हणजे स्टिलचा संसर्गाचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

बेंडामस्टीनने सीडी४ पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी) महिनोन्‌महिने खाली राहतात. म्हणून संसर्ग टाळण्यासाठीचं को-ट्रायमॉक्साझोल आणि ॲसायक्लोव्हिर शेवटच्या सायकलबरोबर बंद करू नये. सत्तरी ओलांडलेला, मधुमेही, आधी टीबी झालेला रुग्ण असेल तर आर-सीव्हीपीला (रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, विन्क्रिस्टीन, प्रेडनिसोलोन) मी मोडीत काढणार नाही. ताकद कमी आहे, पण मंद आजारात दर वेळी सगळी ताकद लावायची गरज नसते.

---

सातरस्ता

देखभाल-डोसचा मुद्दा मान्य. वयस्क रुग्णाला बेंडामस्टीन दर चौरस मीटरला ९० मिग्रॅऐवजी ७० ने सुरू करणारेही आहेत. आणखी एक विचार आता करावाच लागतो. पुढे कधी कार-टी उपचाराची वेळ आली तर रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कर्करोगाविरुद्ध बदलून परत द्याव्या लागतात, आणि नुकतंच बेंडामस्टीन घेतलेलं असेल तर त्या पेशी दुबळ्या मिळतात. पहिल्या फळीत ही चिंता कमी, दुसऱ्या-तिसऱ्या फळीत बरीच जास्त.

---

खलबत्ता

फार्मसीच्या बाजूने. आकडेमोड एकदा मांडतो, म्हणजे बिल आणि बाटल्या जुळवता येतील.

उंची १६० सेंमी, वजन ५८ किलो. दोन्हींचा गुणाकार ९,२८०, भागिले ३,६००, त्याचं वर्गमूळ १.६ चौरस मीटर, हे शरीराचं क्षेत्रफळ. डोस दर चौरस मीटरला इतके मिग्रॅ असा असतो. रिटुक्सिमॅब ३७५ ने ६०० मिग्रॅ, म्हणजे ५०० ची एक बाटली आणि १०० ची एक. बेंडामस्टीन ९० ने १४४ मिग्रॅ. १०० च्या दोन बाटल्या फुटणार, ५६ मिग्रॅ वाया. एकाच दिवशी दोन-तीन रुग्ण लावले तर ही नासाडी वाचते, डे-केअरने तारखा तशा बसवाव्यात. आर-सीव्हीपीमध्ये सायक्लोफॉस्फामाइड ७५० ने १,२०० मिग्रॅ. विन्क्रिस्टीन १.४ ने २.२४ येतं, पण २ मिग्रॅच्या वर जायचं नाही. प्रेडनिसोलोन ४० ने ६४, व्यवहारात ६० मिग्रॅ, पाच दिवस. ही सायकल २१ दिवसांची.

वजन दर सायकलला नव्याने घ्या. पाणी उतरून किंवा गाठी उतरून १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर हिशोब पुन्हा करायचा.

बेंडामस्टीनच्या पावडरची १०० मिग्रॅची बाटली २० मिलि स्टराइल वॉटरने विरघळवायची. सलाईनने नाही. पाच मिनिटांत स्वच्छ द्रावण व्हायला हवं, कण राहिले तर वापरू नये. अर्ध्या तासाच्या आत ५०० मिलि सलाईनमध्ये मिसळायचं. तयार पिशवी फ्रीजमध्ये २४ तास टिकते, बाहेर फक्त ३ तास, आणि ‘बाहेर’ म्हणजे १५ ते ३० अंश. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो. एसी बंद पडलेल्या खोलीतल्या टेबलावर ठेवलेल्या पिशवीला ते ३ तास लागू नाहीत. रुग्ण सुईसह तयार, रिपोर्ट बघून झालेले, आणि मगच औषध विरघळवायला घ्यावं.

रिटुक्सिमॅब २ ते ८ अंशात. दुकानातून वॉर्डपर्यंत नेताना बाटली बर्फाच्या पॅकला चिकटवून ठेवतात, ते सगळ्यात वाईट. उन्हापेक्षा गोठण्याने जास्त नुकसान होतं, आणि गोठून वितळलेली बाटली डोळ्यांना अगदी ठीक दिसते. मधे जाड पुठ्ठा किंवा कापड हवं. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको, मधल्या फळीवर.

भारतात २००७ पासून देशी बायोसिमिलर (मूळ औषधासारखं बनवलेलं) रिटुक्सिमॅब मिळतं, त्यामुळे हा उपचार आवाक्यात आला. ब्रँड बदलला तर फाइलवर नाव आणि बॅच नंबर लिहा. त्रास झाला तर कुठल्या बाटलीने झाला ते शोधता यायला हवं.

---

भवानीपेठ

खलबत्ता अण्णा, विन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरून देतात की सलाईनच्या पिशवीत? दोन ठिकाणी दोन पद्धती पाहिल्या.

---

खलबत्ता

पिशवीतच. ५० मिलिच्या छोट्या पिशवीत. हे औषध चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जवळजवळ निश्चित दगावतो. जगभर असे मृत्यू झाले, ते सिरिंजची अदलाबदल होऊन. पिशवी कुणी पाठीत टोचू शकत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही पिशवीचाच आग्रह धरला आहे. शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं, त्यामुळे चांगली शीर पाहून, जवळ उभं राहून द्यायचं. आणि रुग्णाला बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल चालू असेल तर आधी सांगा. विन्क्रिस्टीन शरीरात साचतं, आतडी थंडावतात, हातापायांना मुंग्या येतात.

---

डे_केअर_ताई

रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसबद्दल, कारण खरी धावपळ तिथेच होते.

अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि स्टेरॉइड. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी डॉक्टरांना विचारूनच, कारण औषध चालू असताना बीपी घसरतं. औषधाआधीच्या १२ तासांतली गोळी टाळायला सहसा सांगतात. वर सांगितलेले ६०० मिग्रॅ म्हणजे ६० मिलि. ५०० च्या सलाईनमधून ६० मिलि काढून टाकून औषध घातलं की १.२ मिग्रॅ प्रति मिलि होतं. हलवायचं नाही, हळू उलटं-सुलटं करायचं, फेस झाला की प्रथिन बिघडतं.

सुरुवात तासाला ५० मिग्रॅ, पंपावर साधारण ४२ मिलि. दर अर्ध्या तासाने ५० मिग्रॅने वाढवत जास्तीत जास्त ४०० पर्यंत. काहीच त्रास झाला नाही तर ६०० मिग्रॅ सव्वातीन तासांत संपतात. कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या दोन तासांत थंडी-ताप, घशात खाज, अंगावर गांधी येतात. लगेच थांबवायचं, सलाईन चालू ठेवायचं, औषधं द्यायची, आणि सगळं शांत झालं की आधीच्या निम्म्या वेगाने पुन्हा. घाईने पूर्वीच्याच वेगाने लावलं तर दुसरी रिॲक्शन पहिलीपेक्षा मोठी येते. पहिल्या डोसला रुग्णाला सकाळी ८ लाच बसवा. दुपारी १२ ला सुरू केलेली पहिली सलाईन संध्याकाळी स्टाफ बदलताना अर्धवट राहते, आणि मग कुणीतरी वेग वाढवतं.

रक्तात लिंफोसाइट २५,००० च्या वर असतील तर पहिला डोस दोन दिवसांत विभागावा किंवा एखादी सायकल रिटुक्सिमॅबशिवाय जाऊ द्यावी, ते डॉक्टर ठरवतात. पण रिपोर्टवरचा आकडा नर्सनेही पाहायला हवा.

आर-सीव्हीपीच्या मधुमेही रुग्णांना: प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर. साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बऱ्याचदा ठीक येते. फक्त फास्टिंग बघून ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणू नका. संध्याकाळी जेवणाआधी बोटातून तपासा.

---

कंबरतलाव

ताईंनी लिंफोसाइटचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. त्याला जोडून कावीळ बी. दबलेला विषाणू रिटुक्सिमॅबने पुन्हा उसळू शकतो, म्हणून आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल या दोन्ही रक्ततपासण्या हव्यात. लॅबमध्ये नुसतं ‘अँटी-एचबीसी’ लिहिलं तर बऱ्याचदा फक्त ताजा संसर्ग दाखवणारा आयजीएम करतात, तो इथे उपयोगाचा नाही. जुना, दबलेला विषाणू टोटलमध्येच दिसतो. पॉझिटिव्ह असेल तर उपचार नाकारायचे नाहीत, एंटेकॅव्हिर ही विषाणूविरोधी गोळी सुरू करून पुढे जायचं. गोळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने. म्हणजे बीआरचे ६ महिने, देखभालीची २ वर्षं आणि वर १ वर्ष, एकूण साडेतीन वर्षं ती गोळी. केमो संपली म्हणून ती बंद केली आणि लिव्हर फेल झालं, हे टाळता येण्यासारखं मरण आहे.

---

खलबत्ता

लेनालिडोमाइडचा डोस चुकतो तो किडनीच्या बाबतीत. समजा ६८ वर्षांची बाई, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर लाल खूण नाही. आता मांडा: १४० वजा ६८ म्हणजे ७२, गुणिले ५२, भागिले (७२ गुणिले १.१), गुणिले ०.८५. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिलि रक्त साफ करते) येतो ४०. या जोडीत पूर्ण डोस २० मिग्रॅ, पण क्लिअरन्स ३० ते ५९ मध्ये असेल तर सुरुवात १० ने. ‘नॉर्मल क्रिएटिनिन’वर २० सुरू केले तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेशी कोसळणार.

२१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. रिटुक्सिमॅब पहिल्या सायकलमध्ये दर आठवड्याला चार वेळा, मग दुसऱ्या ते पाचव्या सायकलच्या पहिल्या दिवशी. २० साठी १० च्या दोन कॅप्सूल. पहिल्या सायकलमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला. ऑगमेंटमध्ये न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गंभीररीत्या घसरणारे ५० टक्के होते, एकट्या रिटुक्सिमॅबवर १३ टक्के. जोडीची किंमत ती ही.

---

भवानीपेठ

दोनाने फायदा, तर तीन-चार का नाही एकत्र देत? टाफासिटामॅबचं वर आलंच की ओ.

---

हुतात्माबाग

दिली आहेत, आणि त्यात माणसं दगावली आहेत. म्हणूनच हे सविस्तर लिहितो.

आयडेलालिसिब (पीआय३के रोखणारी गोळी), लेनालिडोमाइड आणि रिटुक्सिमॅब या तिन्ही औषधांचं वेगवेगळं काम माहीत होतं. अमेरिकेत अलायन्स गटाने तिन्ही एकत्र दिली आणि पहिल्या टप्प्यातच थांबावं लागलं. ताप, बीपी कोसळणं, लिव्हर, पुरळ. एकेका औषधाच्या त्रासांची बेरीज करून हे आधी सांगताच आलं नसतं. २०१६ मध्ये आयडेलालिसिब इतर औषधांना जोडलेल्या अनेक चाचण्या संसर्गाने मृत्यू वाढल्यामुळे बंद केल्या, त्यात न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसाची बुरशी आणि सीएमव्ही हा विषाणू ठळक होते. पुढे त्या वर्गातली बहुतेक औषधं या आजारातून मागे घेतली गेली. पीएफएस चांगला दिसत होता, जिवंत राहणाऱ्यांचा आकडा मात्र उलट्या दिशेला झुकत होता.

कॉन्ट्राल्टो वेगळ्या प्रकारची. बीआरला व्हेनेटोक्लॅक्स (बीसीएल२ रोखणारी गोळी) जोडलं. पूर्ण उतार ७५ टक्के, नुसत्या बीआरला ६९. पण पेशी इतक्या घसरल्या की बऱ्याच जणांना बेंडामस्टीनचाच पूर्ण डोस देता आला नाही. नव्या औषधाने जुन्याची जागा खाल्ली. म्हणून जोडीच्या चाचणीत ‘ठरलेल्या डोसपैकी प्रत्यक्षात किती दिला गेला’ हा तक्ता मी निकालाच्याही आधी शोधतो.

उलट रोजवुड पाहा. ओबिनुटुझुमॅबला झानुब्रुटिनिब ही गोळी जोडली, गाठी उतरण्याचं प्रमाण ४६ वरून ६९ टक्के झालं आणि त्रास पेलवण्यासारखा राहिला. कुठल्या जोड्या जमतील ते करून पाहूनच कळतं, आणि ते करून पाहणं पायऱ्यांनी असतं. तीन रुग्ण एका डोसवर, साधारण पहिले २८ दिवस निरीक्षण. कुणालाच डोस रोखणारा त्रास झाला नाही तर पुढचा डोस पुढच्या तिघांना. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. सहांत दोघांना झाला की तो डोस जास्त ठरतो. लेनालिडोमाइडसारख्या औषधात या पद्धतीची एक उणीव आहे, उशिरा येणारे त्रास २८ दिवसांच्या खिडकीबाहेर राहतात.

---

प्रोटोकॉल_फाइल

चाचण्यांचं कागदपत्र सांभाळणाऱ्यांसाठी, सोलापूरला लागू असलेलं लिहिते.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणी-केंद्राची स्वतःची एथिक्स कमिटी (चाचणीला नैतिक मान्यता देणारी समिती) नसेल तर दुसऱ्या कमिटीची मान्यता चालते, पण ती कमिटी त्याच शहरात किंवा ५० किमीच्या आत हवी. म्हणजे पुण्याची कमिटी सोलापूरच्या केंद्रासाठी चालत नाही, तिचं अंतर अडीचशे किमी. बार्शीसुद्धा ५० किमीच्या पुढे पडतं. ‘पुण्याहून मान्यता आणली आहे’ असं कुणी सांगितलं तर सोलापूरच्या केंद्राची मान्यता वेगळी मागा. चाचणी सीटीआरआयवर (भारताच्या ऑनलाइन चाचणी-नोंदणीवर), पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदलेली असली पाहिजे. नंबर टाकून कुणीही पाहू शकतं, केंद्रांच्या यादीत आपलं हॉस्पिटल आहे का तेही दिसतं.

गंभीर घटना, म्हणजे मृत्यू, ॲडमिशन, जीवावर बेतणं, ती कळल्यापासून २४ तासांत कळवायची. इथे बाहेरगावचा रुग्ण मोठी अडचण असते. सांगोल्यात ताप आला, जवळच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं आणि पुढच्या तारखेला बोलता बोलता सांगितलं, तर चाचणीच्या दृष्टीने ती ॲडमिशन आहे आणि ती उशिरा कळली. रुग्णाच्या खिशात एक कार्ड हवं: औषधांची नावं, केंद्राचा फोन, ‘१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आल्यास त्याच दिवशी सीबीसी’, आणि बेंडामस्टीन घेतलेलं असेल तर ‘रक्त चढवायचं झाल्यास इरॅडिएट (किरणोत्सर्गाने प्रक्रिया) केलेलंच’. ते कार्ड मराठीत, त्याखाली गावच्या डॉक्टरसाठी इंग्रजीत.

संमतीपत्राबद्दल आपल्या गावाची एक खास गोष्ट. सोलापूर शहराच्या पूर्वभागात घरात तेलुगू बोलणारे पण शाळा मराठीत झालेले बरेच जण आहेत, अक्कलकोटकडे कन्नडचं तसंच. घरची भाषा विचारून थेट तेलुगू किंवा कन्नड संमतीपत्र हातात दिलं तर ते बोलता येतं, वाचता येत नाही. ‘वाचायला कुठली भाषा सोपी?’ असा प्रश्न विचारा. वाचता येतच नसेल तर निःपक्ष साक्षीदार हवा. तो संशोधन चमूतला किंवा त्याच हॉस्पिटलचा कर्मचारी नको, वॉर्डबॉयची सही चालत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही, हे कलम वाचून दाखवा.

---

काचपट्टी

पेट-सीटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. उतार मोजायला डोव्हिल ही १ ते ५ गुणांची मोजपट्टी वापरतात. लिव्हरपेक्षा जास्त न चमकणाऱ्या जागा, म्हणजे १ ते ३, पूर्ण उतार धरतात. शेवटच्या केमोनंतर ६ ते ८ आठवडे जाऊ द्या, आधी केला तर सूजच चमकते. पहिला ज्या मशीनवर केला त्याच मशीनवर पुढचा करा, इंजेक्शननंतर दोन्ही वेळा सुमारे ६० मिनिटांनी स्कॅन, साखर २०० च्या आत. आणि आपल्याकडे टीबीची गाठही तितकीच चमकते. सगळीकडे उतार आणि छातीच्या मध्यात एक नवी गाठ, हे दिसलं की ‘आजार वाढला’ म्हणून औषध बदलण्याआधी सुई घाला.

---

सातरस्ता

यात तारखांची एक गोम आहे. आर-चॉपची सायकल २१ दिवसांची, बीआरची २८. ‘प्रत्येक तीन सायकलनंतर स्कॅन’ ठेवलं तर एका गटाचं स्कॅन ६३ दिवसांनी, दुसऱ्याचं ८४ दिवसांनी होतं. उशिरा पाहिलं त्याचा आजार उशिरा वाढला असं कागदावर दिसतं. म्हणून दोन्ही गटांना स्कॅन कॅलेंडरच्या त्याच आठवड्यात.

---

हुतात्माबाग

अगदी. आणि पहिली दोन वर्षं कुणीही पाठपुराव्यातून सुटता कामा नये. आर-चॉपनंतर २४ महिन्यांच्या आत आजार परतलेले साधारण २० टक्के असतात. त्यांच्यापैकी पाच वर्षांनी ५० टक्के हयात होते, बाकीच्यांपैकी ९० टक्के. नवी जोडी खरी हवी आहे ती या गटासाठी. दोन वर्षांतच येणं बंद केलेल्या रुग्णाला चाचणीत ‘माहिती नाही’ म्हणून वगळलं, तर बहुधा हाच गट वगळला जातो. जिल्ह्यात १९८७ पासून बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, घरोघरी माहिती ठेवायची पद्धत इथे नवी नाही. चाचणीच्या बजेटमध्ये स्कॅनचे पैसे मांडतात, तशीच प्रवासभाड्याची आणि घरी जाऊन चौकशी करणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ मांडली पाहिजे.

---

प्रोटोकॉल_फाइल

प्रवासभाडं संमतीपत्रातही लिहावं लागतं, किती आणि कधी देणार ते. कमिटी तेवढी रक्कम पाहून मान्य करते. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजारच्या घरातला. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबाचा स्वतःचा नंबर बदललेला असतो, शेजाऱ्याचा लागतो.